उरलेल्या धाग्याची जबाबदारी

कंबर दुखते, ओटीपोट जड वाटतं, लघवी अडते असं सांगत बाई ओपीडीत येते. खरी तक्रार ओठांवर यायला वेळ लागतो. दार लागलं, सोबत आलेला मुलगा किंवा नवरा बाहेर गेला, की मग ती सांगते : अंग बाहेर येतंय. हे सांगण्याआधी तिने बऱ्याचदा कित्येक वर्षं काढलेली असतात. कापडाचा बोळा लावून, हाताने आत सारून ती निंदणी करत असते, पाणी वाहत असते, सणाला पुरण वाटत असते. घरात कुणाला पत्ता नसतो.

गर्भाशय, लघवीची पिशवी आणि गुदाशय हे अवयव स्नायूंच्या आणि बंधांच्या एका झोळीवर तोललेले असतात. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, कधी फाटते. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळता ओझी उचलावी लागली, जुनाट खोकला किंवा बद्धकोष्ठ असला, आणि पुढे पाळी गेली की ती सैल पडते. मग अवयव योनीमार्गात उतरतात आणि शेवटी बाहेर दिसू लागतात. याने सहसा जीव जात नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, दर बाईमागे सरासरी ३.६ आजार होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के होत्या. तो अभ्यास केवळ अंग बाहेर येण्याबद्दलचा नव्हता. पण बाई किती सोसते आणि किती कमी बोलते हे त्यातून पहिल्यांदा आकड्यांत दिसलं.

सैल पडलेल्या या आधाराला बाहेरून आणलेली जाळी लावावी का, हा या लेखातल्या वादाचा विषय. त्यातही एक विशिष्ट जाळी : काही धागे शरीरात विरघळणारे, काही कायमचे राहणारे. वाद घालणारी मावशी आणि तिचा भाचा मी कल्पिलेले आहेत. मावशी पुण्याच्या सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भाचा पाषाणला पॉलिमरवर काम करणारा संशोधक. त्यांच्या तोंडची वर्षं, आकडे आणि घटना मात्र खऱ्या आहेत.

भाचा : मावशी, जाळी म्हटलं की तू ऐकायच्या आधीच नाही म्हणतेस. जाळ्या सगळ्या सारख्या नसतात गं. पहिल्या जाळ्या जड होत्या, घट्ट विणीच्या. शरीर प्रत्येक परक्या धाग्याभोवती व्रण धरतं. भोकं बारीक असली की शेजारशेजारच्या धाग्यांचे व्रण एकमेकांना भिडतात, सगळी जाळी मिळून एक कडक पत्रा होते, आकसते आणि टोचते. भोकं मोठी ठेवली की व्रण वेगवेगळे राहतात आणि मधून मऊ ऊती वाढते. म्हणजे धागा कमी, भोकं मोठी, हे सूत्र.

मावशी : मग तेवढंच करायचं. दुसरा धागा कशाला?

भाचा : कारण इतकी विरळ जाळी सर्जनच्या हातात राहत नाही. गोळा होते, मुडपते, सपाट पसरत नाही. म्हणून तिच्यात तात्पुरता ताठपणा देणारा धागा विणायचा. शस्त्रक्रियेच्या वेळी जाळी नीट बसते, आणि काम झालं की तो धागा पाण्याने तुटत तुटत विरतो. जर्मनीतल्या आखेनच्या संशोधकांनी हर्नियाच्या जाळ्यांचा असा विचार केला आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस व्हायप्रो नावाची जाळी आली. तिच्यात पॉलिप्रोपिलिन आणि पॉलिग्लॅक्टिन, म्हणजे तुमचं व्हिक्रिल. पुढे अल्ट्राप्रो आली, तिच्यात मोनोक्रिल.

मावशी : दोन्ही माझ्या रोजच्या टाक्यांचे धागे. व्हिक्रिल दोन-सव्वादोन महिन्यांत जातं, मोनोक्रिलला तीन-चार महिने लागतात.

भाचा : तेच. ते गेल्यावर मागे चौरस मीटरला ३० ग्रॅमच्या आसपास वजन उरतं. जुन्या जाळ्या ८०-१०० ग्रॅमच्या असत. म्हणजे परकी वस्तू तिपटीने कमी. आणि सगळीच विरघळणारी जाळी का नको, हे तुला मी सांगायला नको.

मावशी : नकोच. ती वापरून झालीय. २००१ मध्ये अमेरिकेत दोन चाचण्या झाल्या. एकीत थोडा फायदा दिसला, दुसरीत काहीच नाही. आधार विरघळला की झोळी पुन्हा पूर्वीसारखी. तुझं रसायन मला पटतं बाळा. पण किती उरतं हे तू मोजलंस. कुठे उरतं हा माझा प्रश्न आहे. हर्नियाची जाळी पोटाच्या भिंतीत जाते. वर जाड कातडी, खाली स्नायू, जागा निर्जंतुक. योनीची भिंत काही मिलिमीटरची. तिच्यात जंतू कायम असतात, आणि असायलाच हवेत. पाळी गेल्यावर ती आणखी पातळ होते. तिथे छेद घेऊन लगेच खाली जाळी पसरायची आणि वर तीच पातळ भिंत शिवायची. जखम भरायच्या आधी टाका उसवला की जाळी उघडी. मग अंगावरून जात राहतं, रक्त जातं, नवऱ्याजवळ जाता येत नाही. नवऱ्यालाही धागा टोचतो. हे बाई कुणाला सांगेल?

इथे मला मध्ये बोलायला हवं, कारण वैद्यकाच्या पुस्तकात ‘जाळी उघडी पडणे’ एवढ्या तीन शब्दांत हा विषय संपतो. उघडी पडलेली जाळी काढणं ही बसवण्यापेक्षा कितीतरी अवघड शस्त्रक्रिया आहे. ऊती धाग्यांतून वाढलेली असते आणि लघवीची पिशवी काही मिलिमीटरवर असते. बऱ्याच जणींत सगळी जाळी निघत नाहीच. तुकडे निघतात, दुखणं उरतं. विरघळणारा धागा तोवर केव्हाच गेलेला असतो. उरलेला असतो तो न विरघळणारा, आणि त्रास त्याचाच असतो.

भाचा : म्हणूनच तर कमी धागा ठेवायचा! जडशीळ जाळीचे दोष हलक्या जाळीच्या माथी कशाला?

मावशी : कारण हलकीचीही परीक्षा झाली आहे. २००५ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या एथिकॉनने प्रोलिफ्ट बाजारात आणली. कापलेली जाळी, लांब वाकड्या सुया, सगळं एका डब्यात. मांडीच्या मुळाशी आणि कुल्ल्यावर छोटे छेद घेऊन त्या सुया बोटाच्या अंदाजाने आतून न्यायच्या. मग तिची सुधारित आवृत्ती आली, प्रोलिफ्ट प्लस एम. तीच ही तुझी अर्धी विरघळणारी. आता ऐक. २००७ मध्ये कंपनीने या नव्या जाळीच्या परवानगीसाठी अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामकाकडे, म्हणजे एफडीएकडे, अर्ज केला, तेव्हा एफडीएच्या लक्षात आलं की जिच्याशी साम्य दाखवून परवानगी मागताहेत ती आधीची प्रोलिफ्ट स्वतंत्र मंजुरीशिवायच विकली जात होती. मे २००८ मध्ये दोन्हींना एकदमच मंजुरी दिली.

भाचा : ते चूकच. पण तो कारभार झाला, जाळी नव्हे.

मावशी : मग जाळीचं सांगते. प्रोलिफ्ट प्लस एम बसवलेल्या बायकांचा एक वर्षाचा अभ्यास युरोपातल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. उतरलेले अवयव जागेवर राहण्याचं प्रमाण चांगलं होतं, ते मी नाकारत नाही. पण जाळी उघडी पडण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास. जुन्या, जड जाळ्यांचे आकडेही याच घरातले. मग तू तिपटीने धागा कमी केलास त्याचं बाईला काय मिळालं?

भाचा : आकसणं कमी, ताठरपणा कमी. दुखण्याचं प्रमाणही त्या अभ्यासात कमीच होतं.

मावशी : एका वर्षात. दुखणं पाचव्या वर्षीही येतं. आणि २०१२ मध्ये कंपनीने प्रोलिफ्ट आणि प्रोलिफ्ट प्लस एम दोन्हींची विक्री थांबवायचं जाहीर केलं.

पुढचं जग कसं फिरलं ते थोडक्यात. २००८ ते २०१० या तीन वर्षांत एफडीएकडे अशा जाळ्यांबद्दल, लघवी गळण्यावरच्या जाळ्या धरून, २,८७४ तक्रारी आल्या. २०११ मध्ये तिने जाहीर केलं की योनीमार्गातून बसवलेल्या जाळीचे गंभीर त्रास दुर्मीळ नाहीत. ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये प्रोलॅप्सच्या, म्हणजे अंग बाहेर येण्यावरच्या, अशा जाळ्या बाजारातून काढल्या, ब्रिटनने २०१८ मध्ये वापर थांबवला, आणि १६ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेने उरलेल्या दोन उत्पादकांना विक्री बंद करायचा आदेश दिला. ब्रिटनमधल्या ३५ केंद्रांवर झालेल्या प्रॉस्पेक्ट चाचणीत पहिल्या दोन वर्षांत जाळीचा बाईला वाटेल असा काही फायदा दिसला नाही; दर दहांतल्या एकीहून जास्त जणींना जाळीचाच त्रास झाला. कोर्टकचेऱ्या तर लाखावर दाव्यांच्या झाल्या. या सगळ्यात पहिला आवाज रुग्ण बायकांनी उठवला आणि बराच काळ त्यांना सांगितलं गेलं की दुखणं तुमच्या मनात आहे. ब्रिटनच्या बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने जुलै २०२० मध्ये हे स्पष्टपणे लिहिलं. मला त्या अहवालातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पण भाच्याकडे एक मुद्दा राखीव होता, आणि तो थेट मावशीच्या गुरुघराण्यावर जाणारा होता.

भाचा : मावशी, तुम्ही लोकांनी काय केलंत? शिरोडकरांचं ऑपरेशन तूच मला कौतुकाने सांगतेस. त्यात मर्सिलिनची फीत वापरता. मर्सिलिन म्हणजे पॉलिएस्टर. विरघळत नाही, जन्मभर राहतं. तुमची फीत चालते आणि आमची जाळी नाही?

मावशी : विचारलंस ते बरं केलंस.

हा भाग मराठी वाचकाने नीट समजून घ्यावा असा आहे, कारण या शस्त्रक्रियेचा एक मोठा अध्याय मुंबईत लिहिला गेला. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे गोव्यातल्या शिरोडे गावचे, जन्म १८९९चा. गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयाच्या मुखाला घालायचा त्यांचा टाका जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण त्यांच्यासमोर आणखी एक रुग्ण होती जी पाश्चात्त्य पुस्तकांत क्वचितच दिसायची : विशी-पंचविशीतली, एखादं मूल झालेली किंवा अजून एकही न झालेली बाई, जिचं अंग बाहेर येतं. इंग्लंडमध्ये अशा तक्रारीवर प्रचलित असलेल्या मँचेस्टर पद्धतीत गर्भाशयाचं मुख कापत. त्याने पुढे गर्भ राहणं आणि टिकणं धोक्यात येई. गर्भपिशवी काढणं तर दूरच. ज्या घरात मूल न झालेल्या सुनेचं काय होई हे सगळ्यांना माहीत होतं, तिथे या शस्त्रक्रियांना अर्थ नव्हता.

म्हणून पोट उघडून गर्भाशयाला वरूनच टांगायच्या पद्धती निघाल्या. शिरोडकर पद्धतीत गर्भाशयाच्या मुखाच्या मागच्या बाजूला बांधलेली फीत मागे त्रिकास्थीच्या वरच्या कडेला नेऊन शिवतात. मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांच्या नावाच्या पद्धतीत गर्भाशयमुख पुढे पोटाच्या भिंतीला बांधतात. त्यासाठी सुरुवातीला तिथल्या पडद्याच्याच पट्ट्या वापरत, पुढे फीत आली. आणखी पुढे डॉ. विरकूड यांनी दोन्हींचा संयोग केला : उजवीकडून मागे त्रिकास्थीला आणि डावीकडून पुढे पोटाच्या भिंतीला, कारण डावीकडे मोठं आतडं आडवं येतं. या पद्धती भारतातल्या स्त्रीरोगशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आजही शिकवल्या जातात. इथली बाई समोर ठेवून इथल्या डॉक्टरांनी शोधलेलं हे उत्तर आहे, आणि त्याचा अभिमान वाटावा इतकं ते विचारपूर्वक आहे.

मावशी : आता फरक बघ. आमची फीत जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुंदीची. ती पोटातून जाते, योनीला छेद नाही, फितीवर पोटाच्या आतलं आवरण शिवून टाकतो. ती गर्भाशयाच्या मुखाला धरते, आणि ते मांसल असतं. योनीच्या पातळ भिंतीखाली पत्र्यासारखं काही पसरत नाही. आणि ती करायला ओटीपोटाची शरीररचना हातात असावी लागते. त्रिकास्थीसमोर ज्या शिरा आहेत ना, त्यांतून रक्त सुटलं तर थांबवणं मुश्कील. ज्याला जमतं तोच करतो. डब्यातल्या जाळीने ही अडचणच काढून टाकली असं लोकांना वाटलं. जमत नसलेलेही करू लागले.

भाचा : म्हणजे तुझा आक्षेप कायमच्या धाग्याला नाही.

मावशी : नाही. माझा आक्षेप जागेला आहे, आणि घाईला.

भाचा : मग मी पण तुझ्या बाजूचं एक मान्य करतो आणि माझं एक मागतो. नुसती स्वतःच्या ऊतीने केलेली दुरुस्तीही टिकत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमधून एक अभ्यास आला. ऑपरेशन झालेल्या बायकांत सुमारे २९ टक्के जणी आधीचं ऑपरेशन फसलं म्हणून पुन्हा आलेल्या होत्या. जी ऊती मुळात कमकुवत म्हणून खाली आली तीच ओढून शिवायची, मग ती दुसऱ्यांदा का नाही फाटणार? अशा बाईला तू काय देशील?

मावशीला या प्रश्नावर थांबावं लागलं. तिच्या ओपीडीत अशा बायका येत, आणि त्यांच्यातला एक मोठा गट महाराष्ट्राने स्वतःच्या हाताने तयार केलेला होता. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पिशवी काढण्याचं प्रमाण २०१९ मध्ये चव्हाट्यावर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जे सर्वेक्षण आलं त्यात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. त्यांत तिशीच्या आसपासच्याही होत्या. पाळीचा खाडा परवडत नाही म्हणून, अंगावरून पांढरं जातं म्हणून, पुढे कॅन्सर होईल अशी भीती घातली म्हणून. पिशवी काढताना तिला वरून धरणारे बंध कापले जातात. ते पुन्हा नीट योनीच्या टोकाला बांधले नाहीत, आणि बाई महिन्याभरात मोळ्या उचलायला लागली, तर काही वर्षांनी ते टोकच खाली उतरू शकतं. तिथे गर्भाशयच नाही, म्हणून शिरोडकरांची फीत बांधायची कुठे?

मावशी : अशा बाईला, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा टोक खाली आलेलं, बाकी तब्येत धड, तिला मी जाळीच देईन. पोटातून, दुर्बिणीने, योनीच्या टोकापासून त्रिकास्थीपर्यंत. सॅक्रोकोल्पोपेक्सी. अमेरिकेने २०१९ मध्ये बंदी घातली ती योनीमार्गातून बसवायच्या जाळ्यांवर, या शस्त्रक्रियेवर नाही. पण तिलाही मी सांगेन की ही शंभर टक्के बिनधोक नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात सात वर्षांपर्यंत जाळी उघडी पडण्याचं प्रमाण साडेदहा टक्क्यांच्या जवळ होतं.

भाचा : आणि तिथे माझी अर्धी विरघळणारी, हलकी जाळी?

मावशी : तिथे तिला जागा आहे असं मला वाटतं. पोटातून जाणाऱ्या जाळीत तुझ्या कमी ग्रॅमचा खरा उपयोग होऊ शकतो. सिद्ध झालंय असं म्हणत नाही. वापरावी, आणि सात-दहा वर्षं बघत राहावं.

मावशीच्या या उत्तराशी मी सहमत आहे आणि माझा कल मी लपवणार नाही. अर्धी विरघळणारी जाळी हा पदार्थविज्ञानाने शोधलेला हुशार उपाय आहे, पण तो वजनाच्या प्रश्नाचा उपाय आहे. योनीमार्गातून बसवण्यात जी मूळ चूक होती ती वजनाची नव्हती. आणि ज्या बाईला जाळीची गरजच नाही तिला हलकी जाळी घालणंही अन्यायच. योनीत आधाराला पेसरीची रिंग बसवून, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवून अनेक जणींचं भागतं. रिंग मोठी खर्चिक नाही. ती बसवून दाखवायला आणि बाईला स्वतः काढ-घाल करायला शिकवायला शांतपणे वेळ द्यावा लागतो, आणि खच्चून भरलेल्या ओपीडीत नेमका तोच नसतो.

भाचा : मग परवानगी घेताना बाईला काय सांगायचं? मी एका कंपनीच्या माहितीपत्रकात वाचलं, ‘अंशतः शोषली जाणारी’. हे वाचून कुणालाही वाटेल की थोड्या दिवसांनी सगळं जाईल.

मावशी : वाटतंच. ‘विरघळते’ एवढंच तिच्या लक्षात राहतं. म्हणून मी उलट सांगायचे : हा धागा तुझ्यात मरेपर्यंत राहणार आहे, काढावा लागला तर पूर्ण निघेलच असं नाही, आणि दुसरे हे हे पर्याय आहेत. मराठीत, चित्र काढून, आणि नवरा बाहेर असताना. परवानगी बाईची हवी. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या समीरा कोहली निकालात हेच सांगितलं. तिथे तपासणीपुरती दुर्बीण घालायची होती, आणि भुलीत असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले. न्यायालयाने म्हटलं, शुद्धीवर यायची वाट बघता येत होती, तिचं शरीर आहे, तिलाच विचारायला हवं होतं. आपल्याकडे मात्र सही अजून नवऱ्याची घेतात.

भाचा : आणि ती बाई सात वर्षांनी दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच डॉक्टरकडे रक्त जातं म्हणून गेली, तर त्याला कसं कळेल आत काय आहे?

मावशी : इथे मी तुझ्या बाजूने. जाळीच्या खोक्यात स्टिकर असतात, त्यांवर बॅच क्रमांक. एक केसपेपरवर चिकटवायचा, एक बाईच्या डिस्चार्ज कार्डावर. किती ठिकाणी चिकटवतात? केसपेपर पावसात भिजतो, कार्ड गाठोड्यात हरवतं.

भाचा : आपल्याच राज्यात एकदा याचा धडा मिळालाय. डेप्यु कंपनीचा एएसआर नावाचा खुब्याचा कृत्रिम सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. महाराष्ट्राच्या एफडीएने इथे गुन्हा दाखल केला. केंद्राच्या तज्ज्ञ समितीने शोध घेतला तेव्हा भारतात सुमारे ४,७०० जणांना तो बसवला होता, आणि त्यातल्या सुमारे ३,६०० जणांचा पत्ताच लागला नाही. धातूचा सांधा, खुब्यात, ज्याने माणूस लंगडतो. तरी ही गत. मग जी गोष्ट बाई दाखवत नाही, बोलत नाही, तिची गत काय?

मे २०१७ मध्ये याच पुण्यात, गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे प्रत्यारोपित गर्भाशयातून मूल जन्मलं. ज्या शहरात एका बाईचं गर्भाशय दुसरीत शिवून त्यातून बाळ जन्माला घालण्याचं कसब आहे, तिथे जाळी बसवलेल्या प्रत्येक बाईची वही ठेवणं अवघड नसावं. स्वीडनमध्ये स्त्रीरोग शस्त्रक्रियांची देशव्यापी नोंद आहे, आणि ऑपरेशननंतर बाईला घरी प्रश्नावली जाते. भारतात वैद्यकीय उपकरणांच्या त्रासाची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम जुलै २०१५ पासून आहे, पण तिथे तक्रार कुणीतरी करावी लागते. त्रास होतोय हे आधी कुणीतरी विचारावं लागतं.

भाचा : ते सोपं आहे. एक ॲप करतो. बॅच क्रमांक, तारीख, सर्जन, कुठून बसवली. आणि दर सहा महिन्यांनी बाईच्या मोबाइलवर पाच प्रश्न.

मावशी : कुणाच्या मोबाइलवर? वेल्ह्याच्या माझ्या पेशंटच्या केसपेपरवर जो नंबर असायचा तो मुलाचा. मुलगा हिंजवडीला कामाला. त्याच्या फोनवर तू विचारणार, ‘जवळीक करताना दुखतं का?’

भाचा : बरोबर. मग?

मावशी : मग आशाताईला वहीत यादी द्यायची. ती घरात जाते, लसीकरणाला जाते, तिला सून आतल्या खोलीत बोलावते. नोंद तुझ्या ॲपमध्ये आशाताई करेल. प्रश्न मी लिहून देते. आणि तुझ्या पाचांत पहिला दुखण्याचा ठेवलास ना, तो तिसरा ठेव. पहिला विचारायचा, लघवीला किती वेळा उठतेस रात्री? त्याचं उत्तर सगळ्या देतात. एकदा बोलायला लागली की पुढचं तीच सांगते.

भाचा : आणि आशाताईंना त्या कामाचे पैसे?

मावशी : ते तर आधी. फुकट करायला लावलंस तर ती वही कोरीच राहील. जाळीच्या किमतीत धरा ते. जो विकतो त्याने सात वर्षांच्या विचारपुशीचे पैसे बिलातच द्यावेत.

भाचा : कंपन्या कबूल होणार नाहीत.

मावशी : मग सरकारी रुग्णालयाने त्यांची जाळी घेऊ नये. एवढं तर आपल्या हातात आहे. आधी ससूनला, मग औंधच्या जिल्हा रुग्णालयाला अर्ज करू. तू मसुदा लिही, भाषा मी बघते.